बिडीला बदनाम करू नका

दर वर्षी एप्रिलचा दुसरा आठवडा आला की व्हॉट्सअ‍ॅपवर तो फॉरवर्ड येतोच. 'मुंबईत सोन्याच्या विटांचा पाऊस पडला होता तेव्हा...' खाली पाच-सहा डोळे विस्फारलेले चेहरे आणि शेवटी तात्पर्य: कुणाच्या तरी बिडीने घात केला. झालं! फॅमिली ग्रुपवर दोन अंगठे, एक 'नाइस इन्फो', आणि पुढचा मेसेज गुड नाइटचा.

मला या फॉरवर्डचा दर वर्षी राग येतो. या वर्षी जरा जास्तच आला, म्हणून लिहायला बसलो.

तर गोष्ट आहे १४ एप्रिल १९४४ ची. ठिकाण मुंबईची व्हिक्टोरिया गोदी, जहाजाचं नाव फोर्ट स्टिकीन. दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी ते फुटलं आणि अर्ध्या तासाच्या आत पुन्हा एकदा फुटलं. गोदीतली इतर डझनभर जहाजं गेली. जलपद्म नावाच्या चार हजार टनी बोटीचा मागचा भाग उचलला जाऊन थेट धक्क्यावरच्या शेडवर बसला. आग विझवता विझवता अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. एकूण मृतांचा आकडा कुणी सातशेच्या वर सांगतं, कुणी तेराशेपर्यंत नेतं. गोदी कामगार, हमाल, आसपासच्या वस्तीतली माणसं. त्यांची मोजदाद धड कोण ठेवणार होतं?

आता या जहाजाची कारकीर्द बघा. ती संपते तिथे सगळे बघतात, मी सुरुवातीपासून बघायला सांगतोय.

हे जहाज मुळात भाड्याचं. १९४२ साली कॅनडात प्रिन्स रूपर्टला बांधलेलं, ७,१४२ टनांचं साधं मालवाहू जहाज. अमेरिकन सरकारने विकत घेतलं आणि लेंड-लीजखाली ब्रिटनच्या युद्धवाहतूक मंत्रालयाला वापरायला दिलं. मंत्रालयाने ते चालवायला दिलं पोर्ट लाइन या खासगी कंपनीकडे. म्हणजे मालक एक, भाडेकरू दुसरा, चालवणारा तिसरा, आणि कुठल्या बंदरात काय चढवायचं हे ठरवणारा चौथाच कोणी लष्करी किंवा बंदरावरचा अधिकारी. क्लायंट, व्हेंडर, सब-व्हेंडर आणि वरून प्रोग्रॅम ऑफिस! आयटीतल्या माणसाला यापुढे काही समजावून सांगायची गरज नाही.

२४ फेब्रुवारी १९४४ ला हे जहाज इंग्लंडमध्ये बर्कनहेडहून निघालं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं, काही विमानं, आणि सोन्याच्या १२४ विटा, प्रत्येक वीट साडेबारा किलोच्या वर. कराचीला विमानं उतरली आणि जागा रिकामी झाली. युद्धात रिकामी जागा म्हणजे गुन्हाच. मग कराचीत चढवल्या कापसाच्या ८,७०० गाठी. शिवाय वंगणतेलाची पिंपं, लाकूड, गंधक, भंगार आणि मासळीचं खत. दोन नंबरच्या होल्डमध्ये खाली कापूस आणि त्याच्या वर स्फोटकं अशी मांडणी झाली. कॅप्टन नेस्मिथने कुरकुर केली, पण दुसरं जहाज नव्हतं. निघा म्हणाले, निघाला.

आणि सोनं? सोनं पोलादी टाकीत ठेवून झाकण वेल्डिंग करून बंद केलेलं होतं.

हे वाक्य परत वाचा. सोन्याला पोलादी पेटी आणि स्फोटकांना कापसाची गादी. कोणाला कशाची काळजी होती हे या मालाच्या यादीतच लिहिलंय. त्यासाठी चौकशी आयोगाची गरज नाही.

१२ एप्रिलला जहाज मुंबईत आलं. शांततेच्या काळातला नियम असा की स्फोटकं गोदीत आणायचीच नाहीत. बाहेर, खोल पाण्यात जहाज उभं करायचं आणि बार्जेसवर माल उतरवायचा. युद्धामुळे या नियमाला सूट होती. स्फोटकं असलेल्या जहाजावर लाल बावटा लावायचा असतो, तो लावलेला नव्हता. उतरवायची घाई करायला हवी होती, तर आधी दुसराच माल निघत राहिला. १४ तारखेच्या दुपारी होल्डमध्ये कापूसही होता आणि स्फोटकंही होती.

कापूस कशाने पेटला हे पुराव्याने कधीच सिद्ध झालं नाही. तर्क येऊन थांबला बिडी-सिगारेटवर. असेलही. कुणीतरी ओढली असेल, थोटूक टाकलं असेल. पण मंडळी, हजारो कामगार येतात जातात त्या गोदीत कधीतरी एक ठिणगी पडणारच. ठिणगी पडणार नाही असं धरून जो माल रचतो, त्याचं डिझाइनच चुकलेलं आहे. आणि चूक कोणाच्या नावावर चढली? ज्याचं नाव कोणाला माहीत नाही अशा एका मजुराच्या. कराचीत कागदावर सही करणाऱ्या साहेबाच्या नव्हे. माझा खरा राग इथे आहे.

आता पुढचे दोन तास. साडेबाराच्या सुमारास आजूबाजूच्या जहाजांवरच्या लोकांना धूर दिसला होता. कोणी कोणाला सांगितलं नाही, कारण ज्याचं जहाज तो बघेल, आणि लाल बावटा नसल्यामुळे काळजीचं काही कारणही दिसत नव्हतं. कामगार जेवून परतल्यावर, दोनच्या थोडं आधी आरडाओरडा झाला. पहिल्यांदा आले दोन बंब. मोठ्या आगीची वर्दी द्यायला पाठवलेल्या माणसाला फोन लागेना, म्हणून त्याने शेवटी साध्या अलार्मची काच फोडली. जहाजात काय आहे हे कळल्यावर बाकीचे बंब धावले.

आणि मग सुरू झाली मीटिंग. दारूगोळा खात्याचे कॅप्टन ओबर्स्ट म्हणत होते, जहाज बुडवा, नाहीतर सगळी गोदी जाईल. गोदीचे प्रमुख कर्नल सॅडलर म्हणत होते, बाहेर समुद्रात न्या. इंजिन दुरुस्तीसाठी खोललेलं, आणि गोदीतल्या पाण्याची खोली बेताची. कॅप्टनने ऐकायचं कुणाचं? जहाज मंत्रालयाचं, माल लष्कराचा, धक्का पोर्ट ट्रस्टचा, आग नॉर्मन कूम्ब्स यांच्या अग्निशमन दलाची. प्रत्येकाचं म्हणणं आपापल्या जागी शहाणपणाचं होतं, आणि अंतिम शब्द कोणाचाच नव्हता. तोपर्यंत बंबांनी शेकडो टन पाणी ओतलं. त्या पाण्यावर पेटलेला कापूस तरंगत वर गेला. वर काय होतं ते आधीच सांगितलंय.

मी एकदा रात्री दोन वाजता अशाच एका कॉन्फरन्स कॉलवर होतो. बारा माणसं, चार कंपन्या, प्रॉडक्शन बंद. रोलबॅक करायचा की पुढे रेटायचं, यावर पावणेदोन तास चर्चा. 'तुमचं अप्रूव्हल आहे का?' 'माझं आहे, पण त्यांचं नाही.' आमच्या त्या रात्री काही लोकांचे पैसे अडकले, मेलं कोणी नाही. त्यामुळे तुलना करायची लाज वाटते. पण तो सूर मी ओळखतो. गोदीतल्या त्या दोन तासांबद्दल वाचताना तोच ऐकू येतो.

आता कोणी म्हणेल, बाबा रे, युद्ध चालू होतं. जहाजं कमी होती, पाणबुड्या टपलेल्या होत्या, ब्रह्मदेशाच्या आघाडीला माल हवा होता. नियम धरून बसले असते तर काय झालं असतं? मान्य. अगदी मान्य. यातली एकेक सूट सुटी घेतली तर मीही सही केली असती. रिकामी जागा भरा, ठीक आहे. गोदीत येऊ द्या, ठीक आहे. बावटा राहू द्या, ठीक आहे. पण या सगळ्या सुटी एकाच जहाजावर एकत्र आल्या, आणि त्यांची बेरीज करणं हे कोणाचंच काम नव्हतं. प्रत्येक सूट वेगळ्या टेबलावर मंजूर झाली. जहाज मात्र एकच होतं.

आणि हे काही एकट्या मुंबईचं नाही. कॅनडात हॅलिफॅक्सला ६ डिसेंबर १९१७ रोजी माँ-ब्लां हे स्फोटकांनी भरलेलं जहाज फुटलं, त्यावरही लाल बावटा नव्हता. ४ ऑगस्ट २०२० ला बैरूतच्या बंदरात एका जहाजावरून उतरवलेलं २,७५० टन अमोनियम नायट्रेट उडालं. ते तिथे पडून आहे हे वर्षानुवर्षं कागदोपत्री माहीत होतं. तिथेही चर्चा झाली ती आधी ठिणगीची, वेल्डिंग करणाऱ्यांची. ठिणगी शोधणं सोपं असतं. गोदाम कोणी भरून ठेवलं हे विचारलं की फायली हलायला लागतात.

१९४४ मध्ये तर बातमीच दाबली होती. सायगाव रेडिओने दुसऱ्या दिवशी सांगून टाकलं, पण इथल्या सेन्सॉरने छापायला परवानगी दिली थेट मे महिन्यात. सरकारने पुढे जबाबदारी घेतली, नुकसानभरपाई दिली, हे खरंच. पण 'सरकार'ने घेतलेली जबाबदारी म्हणजे कोणीच न घेतलेली. लोकांच्या आठवणीत उरलं काय, तर सोनं आणि बिडी. त्या विटा मात्र पुढे कित्येक वर्षं गाळातून निघत राहिल्या, आणि निघाली की प्रत्येक विटेची बातमी झाली!

आमच्या धंद्यात 'ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम' नावाची एक चांगली पद्धत आहे. बटण दाबणाऱ्याला झोडायचं नाही, ते बटण तिथे कसं आलं हे शोधायचं. ती मला पटते. पण हल्ली त्याचा अर्थ 'कोणाचीच जबाबदारी नाही' असा लावला जातो. तसं नाही बरं का. बिडीवाल्याला सोडायचं ते सही करणाऱ्यापर्यंत पोचायला, दोघांनाही सोडायला नाही.

तेव्हा एवढंच करा. पुढच्या वेळी 'तात्पुरती सूट' म्हणून काही मंजूर कराल तेव्हा दोन गोष्टी लिहून ठेवा: तुमचं नाव, आणि ही सूट संपायची तारीख. आणि त्याच गोष्टीला आधी कोणी काय सूट दिलीय ते एकदा विचारा. पाच मिनिटांचं काम आहे.

आणि १४ एप्रिलला तो फॉरवर्ड आलाच, तर सोन्याच्या विटांच्या जागी ६६ हा आकडा टाकून पुढे पाठवा. त्या जवानांच्या आठवणीसाठी त्याच दिवसापासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. फॉरवर्डमध्ये हे कधीच नसतं.

असो. चहा गार झाला.