परक्यांचे युद्ध आणि आपली कणगी

लढाई कोणाची, हा एक प्रश्न. आणि तिचा सारा कोणी भरावयाचा, हा दुसरा. राजकारणी मंडळी पहिल्याचा खल पुष्कळ करितात; दुसऱ्याची आठवण त्यांस बहुधा उशिरा होते. जमाबंदी, तहकुबी व तगाई यांच्या कागदांत ज्याची सारी नोकरी गेली, त्यास दुसरा प्रश्न आधी सुचावा हे साहजिक आहे. दूरदेशी कोणी अविचाराने युद्ध आरंभिले असता आपल्या पुढाऱ्यांनी कसे वागावे, ही चर्चा हल्ली वारंवार कानी येते. तिचा निर्णय करण्यास आपल्याच जिल्ह्याचा दाखला पुरेसा आहे. कारण दुसऱ्या महायुद्धाच्या काळी या विषयाचा जेवढा ऊहापोह वर्ध्यास व सेवाग्रामास झाला, तेवढा देशात अन्यत्र क्वचितच झाला असेल.

त्या पुढाऱ्यांच्या पाठीशी एक कडू अनुभव होता. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात आपल्या बहुतेक पुढाऱ्यांनी सरकारास साह्य केले. दहा लाखांहून अधिक हिंदी माणसे समुद्रापार गेली. १९१७ साली येथील तिजोरीतून दहा कोटी पौंडांची देणगी ब्रिटिश सरकारास देण्यात आली. १९१८ साली खुद्द गांधीजी खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी गावोगाव हिंडले. पुढे १९१९ अखेर सुधारणांचा कायदा आला खरा. परंतु त्यापूर्वीच मार्चमध्ये रौलट कायदा व १३ एप्रिल रोजी जालियनवाला बागेतील हत्याकांड हे बक्षीस पदरी पडले होते.

म्हणून ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात सामील असल्याचे जाहीर केले, तेव्हा मंडळी सावध होती. अकरा प्रांतांत लोकनियुक्त मंत्रिमंडळे असता त्यांपैकी एकासही या बाबतीत विचारले गेले नव्हते. काँग्रेसची कार्यकारिणी वर्ध्यास भरली. त्या बैठकीत सर्वांचे मत एक नव्हते. इंग्लंडास नैतिक पाठिंबा द्यावा आणि त्यास अट घालू नये, असे गांधीजींचे म्हणणे होते, आणि त्या मतास ते जवळजवळ एकटेच होते. खास निमंत्रणावरून आलेले सुभाषबाबू हीच लढ्याची संधी मानीत होते. १४ सप्टेंबर रोजी जे निवेदन निघाले, त्याचा मसुदा जवाहरलालजींचा होता. त्यात पोलंडवरील नाझी आक्रमणाचा स्पष्ट निषेध होता, आणि त्याबरोबरच सरकारास सवाल होता की, या युद्धाचे हेतू काय, आणि ज्या लोकसत्तेसाठी लढतो म्हणता, ती हिंदुस्थानास लागू आहे किंवा नाही?

आमच्या मते हा सवाल सर्वथा योग्य होता. रोख्यावर अंगठा करण्यापूर्वी मजकूर वाचून दाखवा, असे म्हणणारा कुळवाडी बेइमान ठरत नाही. कोणी म्हणत की, शत्रू दाराशी असता असा सौदा करू नये. हिंदुमहासभा तरुणांस सैन्यात शिरण्याचा उपदेश करीत होती, मानवेंद्रनाथ रॉय युद्धास पाठिंबा देत होते, डॉ. आंबेडकर नाझींचा विजय हे जगावरील संकट मानीत, व जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले. हा पक्ष हलका लेखता येणार नाही. संकट खरोखरच मोठे होते, आणि युद्धाखेरीस पंचवीस लाखांपर्यंत वाढलेल्या हिंदी फौजेने केलेला पराक्रम व्यर्थ नव्हता. परंतु लढाई न्याय्य असली, तरी जो माणूस व पैसा देणार त्याची संमती घेऊ नये, असे त्यातून निष्पन्न होत नाही.

सरकारचे १७ ऑक्टोबरचे उत्तर पोकळ निघाले. लगेच वर्ध्याच्याच बैठकीत मंत्रिमंडळांनी राजीनामे द्यावेत असे ठरले, आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये रविशंकर शुक्लांचे मंत्रिमंडळ पायउतार झाले. पुढील क्रम जिल्ह्यास ठाऊक आहे. १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनार येथे विनोबांनी पहिले वैयक्तिक सत्याग्रही म्हणून युद्धविरोधी भाषण केले. १४ जुलै १९४२ रोजी वर्ध्यास जो ठराव झाला, तोच ८ ऑगस्ट रोजी मुंबईस 'चले जाव' या रूपाने मंजूर झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे पुढारी तुरुंगात गेले. आणि १६ ऑगस्ट रोजी आष्टीच्या पोलीस ठाण्यावर गावकरी व पोलीस अशा दोन्हीकडील माणसांचे प्राण गेले.

या त्यागापुढे मस्तक नम्र करूनही एक गोष्ट सांगितली पाहिजे. नोव्हेंबर १९३९ पासून १९४६ पर्यंत प्रांताचा कारभार गव्हर्नराच्या हाती राहिला. ज्या कायदेमंडळाने १९३९ सालीच कर्जनिवारणाचा कायदा केला होता, त्यात शेतकऱ्याचे गाऱ्हाणे मांडावयास नेमक्या कठीण वर्षांत कोणी उरले नाही. आणि त्याच वर्षांत युद्धाचा सारा वसूल झाला.

तो कसा, हे पाहावे. युद्धापूर्वी हिंदी कापसाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक जपान होते, आणि आपल्या वऱ्हाड-मध्यप्रांताचा आखूड धाग्याचा कापूस तिकडेच खपे. जुलै १९४१ अखेर जपानशी व्यापार एका हुकमासरशी बंद पडला, आणि त्या कापसाचा भाव बसला. युद्धासाठी येथून जो माल घेतला जाई, त्याची ब्रिटनच्या नावे पडलेली रक्कम लंडनच्या वहीत जमा धरीत व येथे नोटा छापीत. युद्धारंभी सुमारे १८० कोटींच्या नोटा चलनात होत्या, त्या युद्धाखेरीस अकराशे कोटींच्या वर गेल्या. रुपया पातळ झाला. कापड, मीठ, रॉकेल दुर्मिळ झाले. मार्च १९४२ मध्ये रंगून पडले व ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला. शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून बंगालच्या किनाऱ्यावरील नावा व धान्य सरकारने काढून घेतले. ऑक्टोबरात तेथे मोठे वादळ झाले. भाव चढले, साठेबाजी माजली, आणि एका प्रांताचे धान्य दुसऱ्यात जाण्यास अटकाव झाला. १९४३ च्या त्या दुष्काळात सरकारी चौकशी समितीच्या मते सुमारे पंधरा लाख व पुढील अभ्यासकांच्या मते तीस लाखांपर्यंत माणसे मेली. रणांगणापासून दूर असलेली ही माणसे शेतमजूर, कोळी, नावाडी व लहान कास्तकार होती. या पापाचा मोठा वाटा परक्या सरकारचा, यात शंका नाही. परंतु 'युद्ध कोणाचे' या प्रश्नावर आपल्या पुढाऱ्यांनी जेवढी रात्र जागविली, तेवढी 'कणगीचे काय' या प्रश्नावर जागविली नाही, हेही खरे आहे.

आता सरकार आपले आहे, आणि जगातील युद्धात पडावे की नाही हे आपणच ठरवितो. तथापि दुसरा प्रश्न मिटलेला नाही. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर स्वारी केली. आपला त्या भांडणाशी संबंध नव्हता; परंतु खत, खाद्यतेल व गहू यांचे भाव जगभर भडकले. तेव्हा केंद्र सरकारने एप्रिलात डीएपीच्या पोत्यामागील अनुदान १६५० रुपयांवरून २५०१ रुपये केले व पोत्याची किंमत १३५० रुपयांवर राखली. हे काम उत्तम झाले, व ते मोकळ्या मनाने मान्य करावे. परंतु गव्हास क्विंटलमागे २०१५ रुपये या हमीभावाहून अधिक भाव मिळू लागला असता १३ मे रोजी निर्यातबंदी आली. बंदीस कारण होते; मार्चच्या उन्हाने पीक घटले होते व शहरांत महागाई होती. पण ग्राहकाच्या रक्षणाचा भार जर देशाने उचलावयाचा, तर तो उत्पादकाच्या एकट्याच्या खांद्यावर का? १९४१ चा कापूस व २०२२ चा गहू यांत सरकार बदलले, हेतू बदलला. हुकूम रातोरात निघण्याची रीत मात्र बदलली नाही.

महसुलाच्या कारभारात एक जुना नियम आहे की, पीक बुडाल्यास सारा तहकूब वा माफ करण्याचा विचार व्हावा. तोच न्याय येथे लागू व्हावा. परदेशातील युद्धामुळे शेतमालाची निर्यात बंद करणे सरकारास भाग पडले, तर त्याच हुकमात उत्पादकाच्या नुकसानीची भरपाई लिहिलेली असावी. आणि खरिपापूर्वी प्रत्येक तालुक्यात खताचा साठा किती, हे जाहीर व्हावे. आपल्या मंडळाने असा ठराव करून तो आमदार, खासदारांकडे धाडावा, आणि मते मागावयास येणाऱ्या प्रत्येक पक्षास याबद्दल विचारावे. पुढारी जगातील युद्धावर व्याख्यान देतील, ते आपण आदराने ऐकू. मात्र सभेतून उठण्यापूर्वी एकाने तरी उभे राहून पुसावे, "साहेब, याचा सारा कोणी भरावयाचा?"