न्याय मागणाऱ्या पोस्टमध्ये तिचं नाव असेल, तर ती पोस्टच गुन्हा ठरते

२० ऑगस्ट २०२४. बदलापूर स्टेशनवर लोक रुळांवर उतरले आणि लोकल तासन्‌तास ठप्प झाल्या. शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाला होता आणि त्यांच्या पालकांची तक्रार नोंदवून घ्यायला पोलिसांनी कित्येक तास लावले, हा लोकांचा संताप होता.

त्याच दिवशी दिल्लीत सर्वोच्च न्यायालयात दुसऱ्या एका प्रकरणाची सुनावणी सुरू होती. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला होता. न्यायालयाने त्या दिवशी एक आदेश दिला: तिचं नाव, फोटो आणि व्हिडिओ सगळ्या सोशल मीडियावरून काढून टाका.

तोवर ११ दिवस उलटले होते. तिच्या नावाचे हॅशटॅग देशभर फिरले होते आणि ते फिरवणारे बहुतेक जण तिच्याच बाजूचे होते. पुढच्याच महिन्यात विकिपीडियालाही तिचं नाव काढायला सांगावं लागलं.

मग चुकलं कुठे?

भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ सांगतं, की बलात्कार पीडितेचं नाव किंवा तिची ओळख पटेल असा कुठलाही मजकूर छापणं, प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. आधी हेच भारतीय दंड संहितेत कलम २२८-अ होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली निपुण सक्सेना खटल्यात स्पष्ट केलं, की हे बंधन फक्त वर्तमानपत्रांना नाही, सोशल मीडियालाही आहे. पीडितेचा मृत्यू झाला असला तरी ते सुटत नाही. म्हणजे ‘ती तर आता नाही, मग काय बिघडलं’ हा युक्तिवाद चालत नाही.

‘ओळख पटेल असा मजकूर’ हे शब्द नीट वाचायला हवेत. नाव गाळलं, पण गाव, वडिलांचा धंदा, शाळा आणि इयत्ता लिहिली, तर आणखी काय उरतं? पाच हजार वस्तीच्या गावात एवढ्यावरून घराचं दारही सापडतं. ‘#जस्टिसफॉर’ लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असला, तरी त्या घराबाहेर जमणारी गर्दी हेतू विचारत नाही. २०१८ मध्ये कठुआच्या आठ वर्षांच्या मुलीचं नाव आणि फोटो छापल्याबद्दल दिल्ली उच्च न्यायालयाने मोठमोठ्या माध्यमसमूहांना प्रत्येकी १० लाख रुपये भरायला लावले होते.

आरोपीचं नाव तरी लिहावं की नाही? त्याला कलम ७२ ची सरसकट बंदी नाही. पण बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचाच असतो, असं राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची आकडेवारी वर्षानुवर्षे सांगते आहे. काका, शेजारी, शिकवणीचे सर, कधी सख्खा बाप. बापाचा फोटो ‘याला फाशी द्या’ म्हणून व्हायरल झाला, की मुलीचं नाव वेगळं सांगावं लागत नाही.

या कायद्याची मुळं महाराष्ट्रात आहेत. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर आणि आताच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केल्याचा आरोप झाला. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडलं, नागपूर खंडपीठाने दोषी ठरवलं, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने प्रतिकार केल्याचं दिसत नाही, असा तो तर्क होता. १९७९ मध्ये वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि उपेंद्र बक्षी या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर आंदोलनं झाली आणि १९८३ साली कायदा बदलला. पीडितेची ओळख गुप्त ठेवण्याचं कलम त्याच दुरुस्तीत आलं. विचित्र गोष्ट अशी, की ज्या मुलीमुळे हे कलम आलं, तिचं प्रकरण आजही तिच्याच नावाने ओळखलं जातं.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो बिनबुडाचा नाही. नाव लपवायचं म्हणजे लाज तिची आहे, असंच मान्य करणं नाही का? सज्ञान बाईला स्वतःचं नाव सांगावंसं वाटलं, तर कायदा तिला अडवत नाही. तिच्या लेखी संमतीने दुसऱ्यालाही ते प्रसिद्ध करता येतं. अनेक जणींनी नाव घेऊन, चेहरा दाखवून लढा दिला आहे. पण तो निर्णय तिचा. तिच्यावर एकदा तिच्या संमतीशिवाय काहीतरी लादलं गेलं आहे. तिला न विचारता तिचं नाव देशभर फिरवणं हे पुन्हा तेच झालं.

शेअर करायचं तर काय?

जे वेळेत कळलं तर उपयोगी पडतं, ते. बलात्काराची तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण चालत नाही. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. पीडितेची तक्रार महिला अधिकाऱ्याने नोंदवायची असते. तक्रार नोंदवून घेतली नाही, तर त्या पोलिसाला सहा महिने ते दोन वर्षं कैद होऊ शकते. बदलापूरच्या पालकांना ताटकळत ठेवणं हा निव्वळ ढिसाळपणा नव्हता, तो याच तरतुदीचा विषय होता. तिथल्या आंदोलनाचा प्रश्न हाच होता आणि तो विचारायला मुलींच्या नावांची गरज नव्हती. पोलीस अधिकारी निलंबित झाले, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली.

रुग्णालयाचा भाग तर त्याहून कमी लोकांना माहीत असतो. आधी एफआयआर आणा, मग तपासू, असं कुठलंही रुग्णालय म्हणू शकत नाही. सरकारी असो वा खासगी, प्रथमोपचार आणि उपचार मोफत द्यावेच लागतात. नाकारले तर एक वर्षापर्यंत कैद आहे. रुग्णालय पोलिसांना कळवतं, पण सज्ञान बाईला तक्रार द्यायची नसेल, म्हणून उपचार थांबवता येत नाहीत. मूल असेल तर गोष्ट वेगळी: पॉक्सो कायद्यानुसार गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

इथे घड्याळ महत्त्वाचं. एचआयव्ही टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. गर्भधारणा टाळणारी गोळी जितकी लवकर, तितकी चांगली. अंघोळ झाली, कपडे धुतले, तरी जायचंच. घटनेच्या वेळचे कपडे असतील तर कागदी पिशवीत ठेवावेत, प्लॅस्टिकमध्ये नाही. ओलाव्याने पुरावा खराब होतो. ‘टू फिंगर टेस्ट’ला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातलेली आहे. ती कुणी करू लागलं, तर ठाम नाही म्हणता येतं.

तातडीच्या मदतीसाठी ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८. निवारा, समुपदेशन आणि कायदेशीर मदत एकाच ठिकाणी मिळावी म्हणून सखी वन स्टॉप सेंटर आहेत. महाराष्ट्रात २०१३ पासून मनोधैर्य योजनेतून आर्थिक मदतही मिळते. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करावी.

पीडितेची ओळख उघड करणारी पोस्ट दिसली, तर तिच्यावर रागाने कमेंट करू नका. कमेंट केली की ती आणखी लोकांपर्यंत जाते. प्लॅटफॉर्मवर रिपोर्ट करा. अत्याचाराचा व्हिडिओ असेल, तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर स्वतःचं नाव न देताही तक्रार करता येते. आणि आपल्याच जुन्या पोस्टही यात येतात. ऑगस्ट २०२४ पर्यंतची टाइमलाइन खाली ओढून तो हॅशटॅग काढून टाकायला पाच मिनिटं लागतात.