रुग्णाच्या उशाशी बसलेल्या माणसाचा हिशेब कोण ठेवणार?

आपल्या वस्तीत कुणाला कॅन्सर झाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. बाई आजारी असेल तर 'नवरा किती करतोय बघ तिचं!' आणि पुरुष आजारी असेल तर 'बायको आहे ना करायला.' काम तेच. पुरुषाने केलं की कौतुक, बाईने केलं की गृहीत. स्वतःला आंबेडकरवादी म्हणवणारे आपणही यातून सुटलेलो नाही.

यातलं पहिलं वाक्य माझ्या वाट्याला आलं. माझ्या सहचारिणीला स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला, मोठं ऑपरेशन झालं. मी ड्रेनची पिशवी मोजून रिकामी करायचो, रात्री उठून तिची कूस बदलायचो, साखर तपासायचो. भेटायला आलेले कार्यकर्ते म्हणायचे, 'भाऊ, तुम्ही आदर्श आहात.' त्याच वॉर्डात कितीतरी बाया आपापल्या नवऱ्यांसाठी हेच करत होत्या. त्यातली एक घरकाम करणारी होती. महिनाभर ती कामावर गेली नाही, तेव्हा तिची सगळी घरं दुसरीला गेली. तिला कुणी आदर्श म्हटलं नाही आणि नुकसानभरपाई तर कुणाच्या डोक्यातही आली नाही.

हे काम किती मोठं आहे ते आधी समजून घेऊ. स्वादुपिंडाच्या डोक्याकडच्या भागात गाठ झाली की पित्ताची नळी दबते आणि कावीळ होते, बऱ्याचदा काहीही न दुखता. आपल्याकडे कावीळ म्हटली की माणूस आधी झाडपाल्याच्या औषधाला, नाकात थेंब टाकणाऱ्याकडे जातो. त्यात आठवडे जातात. निदान होतं तेव्हा शंभरातल्या जेमतेम 15 ते 20 रुग्णांचं ऑपरेशन शक्य असतं. ते ऑपरेशन म्हणजे व्हिपल. स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, पित्ताशय, पित्तनलिकेचा तुकडा काढायचा आणि उरलेलं पुन्हा आतड्याला जोडायचं. पाच-सहा तास किंवा त्याहून जास्त लागतात. जोड गळला तर जिवावर बेततं. म्हणूनच जिथे ही ऑपरेशनं नेहमी होतात तिथे रुग्ण वाचण्याची शक्यता जास्त असते. अशी रुग्णालयं मोठ्या शहरांत. म्हणजे गडचिरोली, नांदेड, धाराशिवच्या माणसाने घर सोडून मुंबई-पुण्यात राहायचं.

डिस्चार्ज मिळाला की नातेवाईक म्हणतात, 'सुटलात एकदाचे.' खरं काम तिथून सुरू होतं. दिवसातून सहा-सात वेळा थोडं थोडं खायला घालायचं. अन्न पचत नाही म्हणून अनेकांना जेवणाबरोबर एन्झाइमच्या कॅप्सूल कायमच्या लागतात. काहींना मधुमेह जडतो. वजन झरझर उतरतं. मग साधारण सहा महिने केमोथेरपी. इतका काळ घरातला एक माणूस पूर्ण वेळ नर्स, आचारी, कारकून आणि पहारेकरी होतो, बिनपगारी.

आता शासनाचा हिशेब बघा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. ही योजना हवीच, तिच्यामुळे माणसं वाचतात. पण डिस्चार्जनंतरची औषधं 10 दिवसांपुरती. कॅप्सूल, खोलीचं भाडं, एसटीचं तिकीट आणि बुडालेली मजुरी या योजनेत कुठे बसते? विमाधारक कामगाराला ईएसआयमध्ये कॅन्सरसाठी दीर्घ आजाराचा भत्ता आहे. त्याच्या उशाशी बसून ज्याची मजुरी बुडाली त्याला काहीच नाही. नाक्यावरच्या मजुराला तर दोन्हीकडून नाही.

1928 साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने बोलताना बाबासाहेबांनी मांडलं होतं की आईला मिळणारी विश्रांती देशाच्या हिताची आहे, म्हणून तिचा भार सरकारनेही उचलावा. तोच न्याय पुढे न्या. रुग्णाची शुश्रूषा समाजाच्या हिताची असेल, तर तिचा भार एका घरातल्या एका बाईवर का?

काही जण म्हणतील, 'हा घरगुती प्रश्न आहे, आपल्यापुढे जातीचे मोठे प्रश्न आहेत.' मित्रांनो, ज्यांच्याकडे वडिलोपार्जित जमीन आहे, शहरात फ्लॅट असलेला मामा आहे, ओळखीचा डॉक्टर आहे, त्यांच्यासाठी तो घरगुती असेल. आपल्या हातात जे काही नव्हतं ते जातीनेच ठेवलं नव्हतं. दुसरे म्हणतात, 'गेल्या जन्मीचं भोगतोय.' गेल्या जन्मीच्या कर्माने आजचं दुःख ठरतं, ही कल्पना बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म'मध्ये नाकारली आहे. बावीस प्रतिज्ञा पाठ असणाऱ्यांच्या तोंडी हे वाक्य शोभत नाही.

धम्म काय सांगतो? महावग्गात कथा आहे. अतिसाराने आजारी एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडलेला असतो. बाकीचे त्याच्याकडे फिरकत नाहीत, कारण तो त्यांच्या काही कामाचा नसतो. बुद्ध आनंदासोबत त्याला स्वतः धुतात, खाटेवर निजवतात आणि संघाला बजावतात की तुम्हीच एकमेकांचं केलं नाही तर कोण करणार? बुद्धांनी ही जबाबदारी सगळ्या संघावर टाकली.

आणि आपण काय केलं? आजारी बाबासाहेबांची काळजी घेणाऱ्या माईसाहेबांवर आपल्याच लोकांनी संशय घेतला. याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी त्यांचे आणि डॉ. मालवणकरांचे आभार मानले होते. 1957 साली ग्रंथ छापून आला तेव्हा ती प्रस्तावना त्यात नव्हती. शुश्रूषा करणाऱ्या बाईचं श्रेय आपल्या इतिहासातून असं गळतं.

म्हणून दोन आघाड्यांवर काम हवं. सरकारकडे मागणी करा: डिस्चार्जनंतरचे किमान सहा महिने योजनेत घ्या, एन्झाइमच्या कॅप्सूल मोफत द्या, सोबत राहणाऱ्याला मजुरीभत्ता द्या. उच्च न्यायालयाच्या 2006 च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या आहेत. त्यांचा रोजचा हिशेब मागा, नाही दिला तर धर्मादाय आयुक्तांकडे लेखी तक्रार करा.

दुसरी आघाडी आपल्या विहारात. रक्तदात्यांची यादी, रेशन कार्ड आणि उत्पन्नाचा दाखला काढून देणारे दोन तरुण, रात्रीच्या सोबतीची पाळी, जयंतीच्या वर्गणीतून रुग्णनिधी. आणि त्या पाळीत पोरांचीही नावं हवीत. ड्रेनची पिशवी रिकामी करायला बाईचेच हात लागतात असं कोणत्याही वैद्यकशास्त्रात लिहिलेलं नाही.

मिरवणुकीत हजार माणसं आणि वॉर्डात एकटी बाई, हे चित्र बदललं नाही तर आपला संघ फक्त बॅनरवर राहील.

जय भीम!