गुंगीवर पहारा कोणाचा?

भूल द्यायची म्हटली की घरचे धास्तावतात. भूलतज्ज्ञ कोण, पेशंट शुद्धीवर कधी येणार, सारे खोदून खोदून विचारतात. ‘थोडी गुंगी देऊन करू’ म्हटले की तीच मंडळी निर्धास्तपणे चहाला जातात. त्यांचे एक वेळ ठीक. रुग्णालयाची सावधगिरीही त्याच शब्दाने सैलावते, हे मात्र ठीक नाही. गुंगी आणि भूल यांच्यामध्ये भिंत नाही, उतार आहे. हाकेला ओ देणाऱ्या पेशंटचा श्वास त्याच औषधाच्या आणखी एका मात्रेने मंदावू शकतो. वय सत्तरीपुढचे असेल, रात्री झोपेची गोळी घेतलेली असेल, तर पहिलीच मात्रा पुरे होते.

एंडोस्कोपीची खोली पाहा. दिवे मंद, पेशंट डाव्या कुशीवर, डॉक्टरांची नजर पडद्यावरच्या जठरात. गुंगीचे औषध मिडॅझोलॅम सिस्टरने दिले. आता तीच सिस्टर बायोप्सीचा चिमटा पुढे करते, तीच बाटलीवर नाव लिहिते. मॉनिटर दोघांच्याही पाठीमागे. बोटावरचे ऑक्सिमीटर ९८ दाखवते आहे म्हणून कोणी वळून पाहत नाही. पण नाकाशी ऑक्सिजन चालू असेल तर श्वास थांबल्यावरही हा आकडा काही काळ जागचा हलत नाही. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारा कॅप्नोग्राफ ते लगेच सांगतो. तो मात्र अनेकदा थिएटरातच राहतो.

यंत्राआधी माणूस हवा. गुंगी देणारा व लक्ष ठेवणारा माणूस प्रक्रिया करणाऱ्याहून वेगळा असावा, असे रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या ‘एनएबीएच’ची मानके सांगतात. ही मान्यता ऐच्छिक आहे आणि लहान नर्सिंग होमना जादा माणूस परवडत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. तरीही पाहायला कोणी मोकळे नसेल तर गुंगी देऊ नये, इतके साधे हे आहे.

दुसरी गफलत कुपीत असते. मिडॅझोलॅम एका मिलिलिटरला १ मिलिग्रॅम असे मिळते, तसेच ५ मिलिग्रॅमचेही मिळते. ‘दोन सीसी दे’ या तोंडी हुकमात दोन मिलिग्रॅमही बसतात आणि दहाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय रुग्णसुरक्षा संस्थेने २००८ मध्ये याच धोक्याचा इशारा दिला आणि तीव्र कुप्या गरज असेल त्याच विभागांत ठेवायला सांगितले. उतारा म्हणून फ्लुमाझेनिल आहे, पण त्याचा असर मिडॅझोलॅमच्या आधी ओसरू शकतो. डोळे उघडून बोलू लागलेला पेशंट रिक्षात पुन्हा गुंगीत जाऊ शकतो. गुंगीसाठीच वापरल्या जाणाऱ्या प्रोपोफॉलला तर उताराच नाही.

मात्रेची अशी गफलत गुंगीच्या औषधांपुरती नाही; ज्याला कोणी भीतच नाही त्या पॅरासिटामॉलमध्येही ती होते. प्रौढाला दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम. शिरेतून द्यायच्या १०० मिलिलिटरच्या बाटलीत १ ग्रॅम असते; सहा-सहा तासांनी चार बाटल्या झाल्या की दिवसाचा कोटा संपला. त्यावर घरून आणलेली डोलो, दुखण्याच्या मिश्र गोळीतलाही तोच घटक, हे कोणी मोजायचे? मुलांमध्ये चूक आणखी सोपी. १२ किलोच्या मुलाला किलोमागे १५ या हिशेबाने एका वेळी १८० मिलिग्रॅम, म्हणजे शिरेतल्या त्याच बाटलीतले १८ मिलिलिटर. मिलिग्रॅमचा आकडा मिलिलिटर म्हणून वाचला की दहापट औषध. म्हणून मुलाचे वजन अंदाजाने नव्हे, काट्यावर करून केस पेपरवर ठळक लिहिलेले हवे, आणि हुकमात मिलिग्रॅमसोबत मिलिलिटरही.

राज्यातल्या शुश्रूषागृहांची नोंदणी १९४९ च्या कायद्याखाली होते आणि वेळोवेळी तिचे नूतनीकरण होते. तपासणीला येणाऱ्यांनी खाटा मोजून झाल्या की काल गुंगी दिलेल्या एका पेशंटचा कागद मागावा. दर पाच मिनिटांचा श्वास त्यावर कोणी लिहिला, आणि त्या वेळी त्याच्या हातात चिमटा तर नव्हता ना, एवढे विचारावे.