अंगठ्याची किंमत

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी खेड्यात देशातील पहिला आधार क्रमांक दिला गेला. दुर्बळाचा हक्क दुर्बळाच्या पदरात पडावा, हा हेतू स्तुत्यच होता. परंतु तेच १२ अंक आज लॉजचा कारकूनही अधिकाराने मागतो, आणि आपण मुकाट्याने देतो!

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखाने निर्वाळा दिला. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने आधार कायदा बहुतांशी टिकला. मात्र बँकखाते व मोबाईल यांच्याशी आधार जोडण्याची सक्ती रद्द झाली. २०१९ च्या दुरुस्तीने बँका व मोबाईल कंपन्यांना पुन्हा वाट मिळाली, ती केवळ ग्राहकाच्या स्वेच्छेच्या अटीवर. ही अट किती खिडक्यांवर सांगितली जाते?

परवलीचा शब्द चोरीस गेला तर बदलता येतो. बोटांचे ठसे जन्मभर तेच राहतात. म्हणून नागरिकांनी अखेरचे ४ अंकच दाखविणारी प्रत द्यावी, ठशांना कुलूप लावावे आणि मागणाऱ्यास ठामपणे विचारावे: कोणत्या कायद्याने? न्यायालयाने दिलेला हक्क खिडकीवर गमावण्यासाठी नव्हे.