चौथा क्रमांक

पोहण्याच्या शर्यतीवर ह्या पानाने अग्रलेख लिहावा ह्याचे काही वाचकांना नवल वाटेल. आपण बेटावर राहणारी माणसे खरी, पण आपल्या कित्येक घरांतील समुद्राची ओळख गणपती-विसर्जनापुरतीच असते. गुडघाभर पाण्यात उभे राहावयाचे, मूर्ती सोडावयाची, हात जोडावयाचे आणि मागे फिरावयाचे. समुद्राकडे पाठ करून कधी बसू नये, असे आमच्या आजीने आम्हांस शिकविले होते. तेव्हा पोहण्यातले आम्हांस फार कळते असा आमचा दावा नाही. आमचा विषय शाळेचा आहे. पण ज्या गोष्टीविषयी आम्हांस पुष्कळ दिवस लिहावयाचे होते, ती पॅरिसच्या तलावात इतकी स्वच्छ दिसली, की तेथूनच आरंभ करतो.

२९ जुलै २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकची अंतिम शर्यत झाली. ब्रेस्टस्ट्रोक म्हणजे आपण ज्यास फ्रेंचमध्ये ‘ब्रास’ म्हणतो तो प्रकार. बेडकासारखे दोन्ही हात आणि दोन्ही पाय एकदम हलवून पोहण्याचा. आपल्या शेजारच्या दक्षिण आफ्रिकेची तात्याना स्मिथ १ मिनिट ५.२८ सेकंदांत पहिली आली. चीनची तांग च्यानतिंग दुसरी. आयर्लंडची मोना मॅकशेरी १ मिनिट ५.५९ सेकंदांत तिसरी. आणि १ मिनिट ५.६० सेकंदांत दोघी जणी एकदम चौथ्या: अमेरिकेची लिली किंग, जिच्या नावावर ह्याच अंतराचा २०१७ चा जागतिक विक्रम आहे, आणि इटलीची एकोणीस वर्षांची बेनेडेट्टा पिलातो.

तिसरी आणि चौथी ह्यांत अंतर किती? एका सेकंदाचा शंभरावा भाग. आम्ही शिक्षक असल्यामुळे लगेच फळ्यावर हिशेब मांडला. सुमारे पासष्ट सेकंदांत शंभर मीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे दीड मीटर. त्याचा शंभरावा भाग दीड सेंटिमीटर. बोटाचे एक पेरसुद्धा नव्हे. तेवढ्यावरून एकीच्या गळ्यात पदक पडले आणि दोघींच्या पडले नाही.

ह्यापेक्षा बारीक मोजावयाचे नाही असा पोहण्याच्या जगाचा नियम आहे आणि त्यामागची हकीकत मोठी शहाणपणाची आहे. १९७२ साली म्युनिकला एका शर्यतीत स्वीडनच्या गुन्नार लार्सनने अमेरिकेच्या टिम मॅकीला एका सेकंदाच्या दोन सहस्रांशांनी हरविले. पुढे विचार झाला, की भिंत बांधताना गवंड्याचा हात थोडा इकडेतिकडे जातोच, मग एका रांगेचे पाणी दुसऱ्या रांगेपेक्षा काही मिलिमीटर लांब नाही कशावरून? तेव्हापासून शतांशापर्यंत मोजतात आणि तेथेही बरोबरी झाली तर दोघांना एकच क्रमांक देतात. ह्यापुढचे मोजमाप पोहणाऱ्याचे नसून भिंतीचे आहे, असे त्या लोकांनी कबूल केले. परीक्षा घेणाऱ्यांनी असे काही कबूल केल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

शर्यत संपल्यावर पिलातो पाण्याबाहेर आली, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होते. इटलीच्या दूरदर्शनवाल्यांनी तिच्यापुढे मायक्रोफोन धरला. सांत्वनाचे दोन शब्द बोलावयाची त्यांची तयारी असणार. ती म्हणाली, हे आनंदाचे अश्रू आहेत, आजचा दिवस माझ्या आयुष्यातील सर्वांत सुंदर दिवस आहे. ऐकणाऱ्यांना ते पटेना. इटलीच्याच एका माजी ऑलिंपिक विजेतीने दूरदर्शनवर तिच्या बोलण्याविषयी शंका घेतली: ही मुलगी खरे बोलते आहे की सोंग करते आहे? त्यावरून त्या देशात बरेच वादळ उठले आणि त्या बाईंनी पुढे माफी मागितली. त्यांना आम्ही दोष देत नाही. आमच्या शिक्षकांच्या खोलीतही कोणी वेगळे बोलले असते असे आम्हांस वाटत नाही. चौथे येऊन हसणाऱ्या मुलाला आपण वेडे म्हणतो, नाहीतर आळशी.

पण ह्या मुलीचा मागचा प्रवास पाहावा. चौदाव्या वर्षी, २०१९ साली, तिने जागतिक स्पर्धेत ५० मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये रौप्यपदक मिळविले. सोळाव्या वर्षी, मे २०२१ मध्ये, बुडापेस्टला त्याच अंतराचा जागतिक विक्रम केला: २९.३० सेकंद. दोनच महिन्यांनी टोकियोचे ऑलिंपिक आले. तेथे ५० मीटर ब्रेस्टस्ट्रोकची शर्यत नव्हती (ती २०२८ साली लॉस एंजेलिसला प्रथमच होणार आहे), म्हणून ती १०० मीटरला उतरली आणि पहिल्याच फेरीत बाद झाली. ती हळू पोहली म्हणून नव्हे, तर तिच्या पायांची हालचाल नियमाबाहेरची ठरली म्हणून.

येथे थोडे ह्या प्रकाराविषयी सांगितले पाहिजे. पोहण्याच्या चार प्रकारांत ब्रेस्टस्ट्रोक सर्वांत सावकाश. पुरुषांत १०० मीटरचा विक्रम ५६.८८ सेकंदांचा आहे. फ्रीस्टाइलचा त्याहून दहा सेकंदांनी कमी. हात पुढे घेताना आणि गुडघे पोटाकडे ओढताना पोहणारा स्वतःच पाण्याला आडवा येतो आणि प्रत्येक हातामागे त्याचा वेग तुटतो. शिवाय ह्या प्रकारात नियम फार. दोन्ही हात एकदम, दोन्ही पाय एकदम, भिंतीला स्पर्शही दोन्ही हातांनी एकदमच. उडी मारल्यावर किंवा वळल्यावर माशासारखी एकच लाथ मारावयाची मुभा आहे; दुसरी मारली की बाद. आणि हे सारे पाण्याखाली चालते, पंच मात्र काठावर उभे असतात.

आता ह्याचा उलटा दाखला. २०१२ साली लंडनला दक्षिण आफ्रिकेच्या कॅमेरॉन व्हॅन डर बर्गने १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचे सुवर्णपदक ५८.४६ सेकंदांच्या जागतिक विक्रमासह जिंकले. काही दिवसांनी त्याने स्वतःच एका वृत्तपत्राला सांगितले, की एकाहून अधिक लाथा मी मारल्या; सगळेच मारतात, न मारणारा मागे पडतो, आणि माझे चार वर्षांचे श्रम मी दुसऱ्यासाठी वाया घालविणार नाही. पाण्याखालच्या कॅमेऱ्यांची चित्रे घरोघरी दिसत होती, पण निर्णयासाठी ती वापरीत नसत. पदक त्याच्याकडेच राहिले. त्याने बोलून दाखविले ह्याबद्दल आम्ही त्याला थोडे श्रेय देतो. परंतु त्याचे वाक्य आम्हांस अगदी ओळखीचे वाटले. ‘सगळेच करतात, आपण न केले तर आपले मूल मागे पडेल’ हे वाक्य पालकांच्या सभेत आम्ही कितीदा ऐकले असेल! शनिवारी लेसों, रविवारी लेसों, शाळेतून येऊन पुन्हा लेसों, ते ह्याच वाक्याच्या आधाराने चालते. मुलांना पोहावयाला पाठवा असे आम्ही एका वडिलांना सुचविले, तेव्हा त्यांनी विचारले, “मास्तर, त्याला मार्क आहेत का?”

इंग्लंडच्या ॲडम पीटीची गोष्टही पालकांनी ऐकण्याजोगी आहे. लहानपणी हा मुलगा न्हाणीच्या टबातसुद्धा बसावयाला भीत असे. टबाच्या भोकातून शार्क येईल असे त्याच्या भावांनी त्याला सांगितले होते. तोच पुढे ब्रेस्टस्ट्रोकमध्ये जगात असा पुढे गेला, की आठ वर्षे १०० मीटरला त्याला कोणी हरवू शकले नाही. २०१६ साली रिओला सुवर्ण, २०२१ साली टोकियोला सुवर्ण, ५६.८८ सेकंदांचा विक्रम त्याचाच. मग २०२२ साली पायाचे हाड मोडले आणि त्यातून उठून तो बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत उतरला. तेथे तो चौथा आला. चौथा! त्या चौथ्या क्रमांकाने तो पार खचला. पुढच्या वर्षी मनःस्वास्थ्यासाठी त्याने स्पर्धा सोडल्या. नैराश्याविषयी आणि दारूविषयी तो पुढे उघडपणे बोलला. पॅरिसला तो परत आला आणि केवळ दोन शतांश सेकंदांनी त्याचे तिसरे सुवर्ण हुकले. इटलीचा निकोलो मार्टिनेंगी ५९.०३, पीटी ५९.०५ आणि अमेरिकेचा निक फिंकही ५९.०५. दोघांना रौप्य मिळाले, कांस्य कोणालाच नाही. त्या दिवशी पीटीही रडला. पण दुसरा आलो म्हणून मी रडत नाही, येथवर परत यावयाला जे सोसले त्यासाठी रडतो आहे, असे तो म्हणाला.

वेळांकडेही जरा लक्ष द्यावे. मार्टिनेंगीला ५९.०३ सेकंदांना सुवर्ण मिळाले. बारा वर्षांपूर्वी लंडनला ५८.४६ लागले होते. आणि पिलातो २०२२ साली १०० मीटरची जगज्जेती झाली ती १ मिनिट ५.९३ सेकंदांत, तर पॅरिसला ती १ मिनिट ५.६० सेकंदांत चौथी. म्हणजे जगज्जेती होताना ती जेवढी वेगाने पोहली, त्याहून अधिक वेगाने पोहून तिला चौथा क्रमांक मिळाला. वेळ तिची स्वतःची होती. क्रमांक त्या दिवशी शेजारच्या रांगांत कोण होते ह्यावर ठरला.

आम्ही स्वतः सी.पी.ई.ला बसलो त्या काळी साऱ्या बेटाचे क्रमांक लागत. निकालाच्या दिवशी वडील आम्हांस घेऊन शाळेत गेले. आमचे गुण चांगले होते. गणितात तर आम्हांस स्वतःलाच आश्चर्य वाटले. वडिलांनी गुण पाहिलेच नाहीत. क्रमांक पाहिला, शेजारच्या मुलाचा क्रमांक विचारला आणि घरी येईपर्यंत बसमध्ये ते एक शब्द बोलले नाहीत. ते वाईट नव्हते. उसाच्या मळ्यात राबून त्यांनी आम्हांस वह्या-पुस्तके पुरविली होती आणि एका मोठ्या कॉलेजचे दार आपल्या मुलासाठी उघडावे एवढेच त्यांना हवे होते. तो बसचा प्रवास मात्र आम्ही विसरलो नाही. पुढे शिक्षणशास्त्राच्या वर्गात मूल्यमापनावरचे धडे शिकताना तोच डोळ्यांपुढे येई.

सी.पी.ई. गेली, २०१७ पासून पी.एस.ए.सी. आली. क्रमांक कागदावरून गेले, पण घराघरांतून गेले काय? एच.एस.सी.चे निकाल लागतात त्या दिवशी लॉरिएटांची नावे रेडिओवर येतात, मुले त्यांना खांद्यावर घेऊन नाचतात. नाचू द्यावे, त्यांनी कष्ट केलेले असतात. आमचा प्रश्न एवढाच, की यादी जेथे संपते त्याच्या लगेच खालच्या मुलीचे काय? ती दीड सेंटिमीटर मागे राहिलेली असते. तिच्या घरी त्या दिवशी चूल पेटते की नाही, हे आम्ही पाहिले आहे. शेजारपाजारचे लोक दुखवट्याला यावे तसे येतात आणि “पुढच्या वेळी” म्हणून जातात. पुढची वेळ नसतेच.

कोणी म्हणेल, ईर्षा गेली तर मुले ढिली पडतील. आम्हांस तसे वाटत नाही. पिलातो ढिली पडून चौथी आली नव्हती. ती अंगातली सारी शक्ती लावून पोहली होती, आणि टोकियोला बाद झाल्यानंतर तीन वर्षे रोज त्या पाण्यात उतरली होती. त्या दिवशी जिंकलेल्या तात्याना स्मिथचीच गोष्ट घ्या. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकसाठी तिची निवड हुकली होती, तीही एका शतांश सेकंदाने. त्या वेळी तिला कोणी खांद्यावर घेतले नसणार. पाच वर्षांनी टोकियोला तिने २०० मीटरचे सुवर्ण २ मिनिटे १८.९५ सेकंदांच्या जागतिक विक्रमासह घेतले, आणि त्यानंतर पॅरिसचे हे दुसरे. शतांशाने हुकलेल्या मुलीला घरच्यांनी काय सांगितले, ह्याची कोठे नोंद नसते. पण तलावात जावयाचे थांबव असे कोणी तिला सांगितले नाही, एवढे निश्चित.

ह्या पानाचाही ह्यात दोष आहे. दरवर्षी आम्ही आपल्या समाजातील लॉरिएटांचे फोटो मोठ्या अभिमानाने छापतो. दुसऱ्या कोणाचे छापीत नाही. म्हणून एक बदल ठरविला आहे. येत्या निकालानंतर आपल्या कुटुंबांतील उत्तीर्ण झालेल्या सर्व मुलामुलींची नावे ह्या पानावर गावांप्रमाणे छापण्यात येतील. आईवडिलांनी मुलाचे नाव, गाव आणि त्याला कोणता विषय सर्वांत अधिक आवडतो, एवढे लिहून पाठवावे. पोहणे आवडत असेल तर तेही चालेल. क्रमांक लिहू नये.