गावात उरलंय कोण?



आपल्या मंडळींत हल्ली एक वाक्य फार सहज ऐकू येतं. कोकणातल्या गावाचा विषय निघाला की कुणीतरी हातातली प्लेट सावरत म्हणतो, "अरे, गावात उरलंय कोण? चार म्हातारी माणसं. त्यांच्यासाठी वेगळी ग्रामपंचायत, वेगळी शाळा कशाला? मर्ज करून टाका." बोलणारा बहुधा एमबीए असतो आणि 'व्हाएबल' हा त्याचा आवडता शब्द असतो.

हे आपण अबूधाबीत बसून बोलतो, याची गंमत वाटते. याच अमिरातीचा पश्चिम भाग म्हणजे अल धफ्रा. 2017 पर्यंत त्याला नुसतं 'पश्चिम विभाग' म्हणत. अमिरातीची निम्म्याहून जास्त जमीन तिथे, वस्ती मात्र तुरळक. वाळू, खजुराच्या बागा, तेलविहिरी आणि मध्येच एखादं गाव. तरी त्याला स्वतंत्र नगरपालिका आहे. सौदी हद्दीजवळच्या सिलात रुग्णालय आहे, समुद्रातल्या डेल्मा बेटावरही आहे. तिथे माणसं किती, परवडतं का, असं आपल्यापैकी कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. उलट लिवाची सहल करून आलेला प्रत्येक जण "काय रस्ते आहेत!" एवढंच सांगतो.

मी इथल्या कारभाराचे गोडवे गात नाही. ती नगरपालिका नेमलेली माणसं चालवतात, आणि रुवैसच्या लेबर कॅम्पमधल्या आपल्या देशबांधवाला तिथे मत नाही. पैसा तेलाचा आहे, हेही खरं. पण विरळ वस्तीत माणशी खर्च जास्तच येणार, हे इथे धरून चालतात. आपल्याकडे तेच कारण सेवा काढून घ्यायला पुरतं.

पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामीण स्थानिक संस्थांचा निधी राज्यांत वाटताना लोकसंख्येला 90 टक्के वजन दिलं, क्षेत्रफळाला 10. म्हणजे डोकी मोजा आणि पैसे द्या. आता डोंगरउतारावर विखुरलेल्या आठ-दहा वाड्यांच्या गावाचं बघा. निम्मी घरं बंद झाली म्हणून नळाची पाइपलाइन निम्मी होत नाही, वाडीवरचा साकव अर्धा बांधता येत नाही. 2001 ते 2011 या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16,96,777 वरून 16,15,069 वर आली. सिंधुदुर्गाचीही घटली. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या. गेले कोण, हे वेगळं सांगायला नको. आपणच.

शाळांचंही तेच. वीस किंवा त्याहून कमी पटाच्या सुमारे 15 हजार शाळा राज्यात आहेत म्हणून 2023 मध्ये सरकारने 'समूह शाळां'चे प्रस्ताव मागवले. शिक्षणहक्काच्या नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. पावसाळ्यात वहाळ ओलांडून सहा वर्षांच्या मुलीने 'समूहा'त कसं पोचायचं, हे एमबीएवाल्यांनी सांगावं. शाळा गेली की मुलांचे आईबाप जातात, मग पट आणखी कमी, मग पुन्हा तोच प्रश्न, उरलंय कोण?

आणि हाच रिकामेपणा दुसऱ्या दिवशी गुण ठरतो! 2018 च्या जूनमध्ये अ‍ॅडनॉकने, म्हणजे रुवैसच्या रिफायनरीवाल्यांनी, रत्नागिरीच्या रिफायनरीत भागीदारीचा करार केला. नाणार परिसरातल्या ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले आणि 2019 मध्ये भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. 2023 च्या एप्रिलमध्ये बारसूच्या सड्यावर माती परीक्षण सुरू झालं तेव्हा समर्थकांचा युक्तिवाद हाच होता की जागा ओसाड आहे, विस्थापन फारसं नाही. त्या 'ओसाड' सड्यावर कातळशिल्पं आहेत, आणि सर्वेक्षणाच्या गाड्या अडवायला भर उन्हात रस्त्यावर आडव्या झाल्या त्या गावातल्याच बायका. शाळेसाठी माणसं कमी पडतात आणि प्रकल्पासाठीही कमीच भरतात. मर्ज केलेल्या, पंधरा मैलांवर कचेरी असलेल्या पंचायतीत वाडीवरची म्हातारी हात वर करायला कशी जाणार? मला वाटतं, काहींना नेमकं तेच हवं आहे.

नाहीतर 2022 च्या मार्चपासून राज्यातल्या 25 जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले, सिंधुदुर्गही त्यात, याचं आपल्यात कुणाला काही वाटलं नाही, ते का? चार महिन्यांत निवडणुका घ्या, हे 6 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. तोवर आपण दुबईत लोकशाहीवर परिसंवाद घेत होतो. असो.

पुढच्या बैठकीत मी एक साधा विषय मांडणार आहे. गणपतीत गावी गेल्यावर नळाला पाणी नाही, पथदिवे बंद आहेत, म्हणून सरपंचाला झापणारे आपण बरेच जण आहोत. यातल्या किती जणांच्या कुलूपबंद घराची घरपट्टी भरलेली आहे? येताना पावती घेऊन यावी. मी माझी आणतो.